सावलीत नीळ असते

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ. अमळनेरहून चोपड्याकडे जाताना तापी लागते. तिच्या काठावर एका लिंबाखाली बसून मी आकाश रंगवायला घेतलं होतं. बोर्डावर चिकटपट्टीने कागद ताणलेला, ताटलीत निळा रंग भरपूर कालवलेला, हातात एक इंची चपटा ब्रश. पहिला पट्टा डावीकडून उजवीकडे ओढला. ब्रश रंगात बुडवून दुसरा पट्टा त्याला जोडायला गेलो, तोवर पहिल्याची खालची कड वाळून गेली होती. तिसऱ्या पट्ट्याचंही तेच. दहा मिनिटांत माझ्या आकाशाला घाटासारख्या पायऱ्या पडल्या.

जलरंग शिकवणाऱ्या माझ्या पुस्तकात काहीच चुकीचं नव्हतं. बोर्ड पंधरा अंश तिरपा ठेवा, पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक ओघळता मणी जमू द्या, पुढचा पट्टा त्या मण्यावरून न्या, मण्याला वाळू देऊ नका. सगळं मी अगदी तसंच करत होतो. फक्त ते पुस्तक लिहिणारा माणूस अशा देशात राहत होता, जिथे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, वाळायची वाट बघत चहा पिऊन होतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल पाव तासात कडक होतो, तिथे त्या मण्याचं काय होणार?

मी भूकरमापक आहे. गावोगावी जमिनी मोजणं हे माझं काम. पंचवीस वर्षं हेच केलं. सुरुवातीला फलक घेऊन जायचो. तिपाईवर सपाट लाकडी फळी, तिच्यावर कागद, आणि शेताच्या बांधावर उभं राहून तिथल्या तिथे नकाशा काढायचा. मग ईटीएस हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं, आता उपग्रहांवरून जागा टिपणारा रोव्हर आला. काम भराभर होतं, अचूक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण फलक गोदामात गेला त्या वर्षापासून हाताला काहीतरी कमी पडायला लागलं. उघड्यावर उभं राहून, समोर बघून, कागदावर पेन्सिल टेकवायची ती सवय सुटली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी मी जलरंगांचा बारा ट्यूबांचा डबा विकत आणला. खरं कारण तेच.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पण तेव्हा रंग म्हणजे पोस्टर कलर. दाट, झाकणारे. चुकलं तर वरून पांढरा मारायचा आणि पुढे जायचं. जलरंगात पांढरा रंग जवळजवळ नसतोच, पांढरा म्हणजे कागद, आणि तो एकदा गेला की गेला, हे मला पंचेचाळीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मला ऐकू आलं नसेल.

सगळ्यात आधी काय काढावं तर पारोळ्याचा किल्ला. जवळ आहे, भुईकोट आहे, बुरूज आहेत, भोवती खंदक आहे. तीन रविवार बसलो. बुरुजाचा एकेक चिरा काढला. मोजणीची सवय; जे दिसतं त्याची हद्द काढल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. पातळ काळ्या पेनने रेघ, आत रंग, पुन्हा रेघ. तिसऱ्या रविवारी चित्र झालं, आणि ते मी आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना दाखवायला नेलं. सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, बोरी नदीच्या अलीकडे एका जुन्या घरात एकटेच राहतात. सातवी-आठवीत त्यांनी मला शिकवलं होतं. त्यांनी चित्र हातात घेतलं, खिडकीशी गेले, आणि बराच वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले, "नकाशा छान आलाय. ऊन कुठंय?"

मी पिवळ्या रंगाकडे बोट दाखवलं. जमिनीवर मी भरपूर पिवळा लावला होता.

"तो पिवळा रंग झाला. ऊन कुठंय?"

सर एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. मनापासून काही सांगायचं असलं किंवा राग आला, की अहिराणीवर येत. त्या दिवशी त्यांनी माझं पेन काढून टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाले, "इतलं कोरानं नही रे भो. सोडी दे."

सोडी दे. सोडून दे. पुढच्या दोन वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकले असतील!

त्यांनी पहिला धडा दिला तो रंगाचा नव्हता. अंगणात नेलं, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि डोळे बारीक करायला सांगितले. पापण्या जवळजवळ मिटून, फट राहील इतपत. डोळे असे बारीक केले की विटा जातात, भेगा जातात, दाराची कडी जाते. उरतात तीन गोष्टी: उजेड, सावली, आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी. "एवढंच काढ," सर म्हणाले. "तीन छटा. चौथी लागली तर मला विचारायला ये." महिनाभर मी एकच तपकिरी रंग घेऊन तीन छटांत घरं काढली. आगपेटीएवढी, पोस्टकार्डाएवढी. कंटाळा आला, पण तेव्हाच पहिल्यांदा कळलं की इमारत म्हणजे उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू. ती दोन ठिकाणं बरोबर पडली की खिडक्या दोन ठिपक्यांतही भागतात.

उन्हाळ्यातल्या वॉशचा प्रश्न मात्र सरांनी सोडवला नाही. त्यांनी आयुष्यभर वर्गात पंख्याखाली शिकवलं होतं. तो मला माझाच सोडवावा लागला. कोणाला उपयोग होईल म्हणून जे जमलं ते सांगतो. कागद जाड, तीनशे जीएसएमचा, शक्यतो सुती लगद्याचा; लाकडाच्या लगद्याचा कागद आमच्या हवेत पाणी धरतच नाही. कागद आधी मागून भिजवायचा, मग पुढून, आणि ॲक्रिलिकच्या पत्र्यावर अंथरायचा. खालून ओल राहिली की वरचा रंग पाच-सात मिनिटं तरी जिवंत राहतो. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब, जास्त नाही, नाहीतर चित्र दोन दिवस चिकट राहतं. आकाशाला लागणारा रंग एकदाच, पुरून उरेल इतका, वाटीत कालवून ठेवायचा. मध्ये कालवत बसलात की मणी गेला. ब्रश वाटतो त्याहून मोठा घ्यायचा आणि कागद वाटतो त्याहून लहान. आणि मार्च ते जून सकाळी सहाला बाहेर पडून आठला घरी यायचं. दुसरंही एक कारण आहे. अमळनेर, जळगाव, भुसावळ, सगळा हा पट्टा एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भरदुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. झाडाची सावली झाडाखाली, माणसाची पायाखाली. भिंतींना सावलीची बाजूच उरत नाही. चित्र काढायला काही शिल्लकच नसतं.

पावसाळ्यात उलटं. ऑगस्टमध्ये एकदा लोखंडी कपाटातून जुना कागद काढला. एका दुकानातून एकदम पन्नास ताव स्वस्तात मिळाले म्हणून आणून ठेवले होते. त्यावर वॉश टाकला आणि कागदाने जागोजागी टीपकागदासारखा रंग शोषून घेतला. अंगावर पांढऱ्या चट्ट्यांसारखे डाग उठले. दमट हवेत कागदावरची खळ खराब होते, मग तो रंग वर धरून ठेवत नाही. पन्नासातले चव्वेचाळीस ताव अजून आहेत. मुलगी त्यावर गणितं करते.

हिरव्या रंगाने मला जितकं छळलं तितकं कशानेच नाही. रावेर-यावलकडे मोजणीला गेलो की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. ट्यूबमधला सॅप ग्रीन काढला आणि लावला, की बाग प्लास्टिकची दिसायची. एका दुपारी काम आटोपून बांधावर बसलो आणि रंगाचा डबा न उघडता अर्धा तास नुसतं एक पान पाहिलं. केळीचं पान तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये असलं की उजेड त्यातून गाळून येतो. तेव्हा ते जवळजवळ पिवळंच असतं, लिंबासारखं. तेच पान थोडं वळलं, वरच्या बाजूने ऊन पडलं, की त्याची चकाकी आकाश पकडते आणि पान निळसर राखाडी दिसतं. आणि घडाजवळ, आत, जिथे उजेड पोचतच नाही, तिथे हिरवं नसतंच. तिथे तपकिरी आणि निळं मिसळलेलं काहीतरी असतं. म्हणजे हिरव्या बागेत खरं हिरवं किती? वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या मधल्या पट्ट्यात, थोडंसं. त्यानंतर मी सॅप ग्रीनची ट्यूब बाजूला ठेवली. लेमन यलोत निळा मिसळतो, आणि त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना हा मातकट तांबूस रंग. हिरव्यात थोडी माती पडली की ते हिरवं या जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं.

सातपुडा सोपा आहे, फक्त हिवाळ्यात काढावा. उन्हाळ्यात धुळकटीत तो दिसेनासा होतो. दसऱ्यानंतर हवा धुतली गेली, की चोपड्याच्या पुढे सकाळी त्याच्या तीन-चार ओळी एकामागे एक स्पष्ट दिसतात. सगळ्यात मागची आकाशापेक्षा जेमतेम गडद. प्रत्येक ओळीचा पाय ओल्या ब्रशने विरवून टाकायचा, म्हणजे दऱ्यांमध्ये धुकं आपोआप बसतं.

आता सावलीकडे येतो. लिहायला बसलो ते खरं तर तिच्यासाठीच.

दोन वर्षांपूर्वी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, महिन्याने डावा. मधल्या त्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. एक डोळा हाताने झाकायचे, भिंतीकडे बघायचे, मग दुसरा झाकायचे. म्हणाले, "डाव्याने बघतो तर सावली तपकिरी. उजव्याने बघतो तर सावलीत नीळ आहे." मोतीबिंदू वाढतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं, भिंग बदललं की निळं पुन्हा आत येतं. सरांना वर्षानुवर्षं सावली मातकट दिसत होती. "सावलीत निळं असतं हे मी सगळ्या पोरांना शिकवलं," ते म्हणाले, "पण ते शिकवायचं म्हणून. दिसलं मात्र आज." त्यांचा आवाज भरून आला होता. मीही काही बोललो नाही. दोघं तिथेच बसलो, भिंत बघत, ऊन उतरेपर्यंत.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते इथे जसंच्या तसं लिहितो. भिंत चुन्याची, पांढरी. वर पन्हळीचा पत्रा, त्याची सावली भिंतीवर तिरपी पडलेली. सावलीची वरची कड, पत्र्याच्या अगदी खाली, थंड आणि निळी. कारण तिथे ऊन पोचत नाही, नुसतं आकाश पोचतं. खाली येता येता तीच सावली गरम होत जाते, कारण अंगणातल्या मातीवर पडलेलं ऊन उसळी मारून भिंतीच्या अंगावर येतं. जमिनीपासून हातभर उंचीवर सावली चक्क नारिंगी होती. एकच सावली, वर निळी, खाली नारिंगी. आणि तिच्या शेजारचं ऊन? ते कागदासारखं पांढरं. त्याला काहीच लावायचं नाही. पारोळ्याच्या चित्रात ऊन कुठे होतं ते तेव्हा कळलं. मी ते पिवळ्याने झाकून टाकलं होतं.

अशी सावली जलरंगात दोन रंगांत होते: गडद निळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. वरून अल्ट्रामरीन सोडायचा, खालून सिएना, आणि मध्ये दोघांना ओल्यातच एकमेकांत शिरू द्यायचं. ब्रशने ढवळायचं नाही. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर रवाळ पोत येतो, जुन्या भिंतीला असतो तसाच. जगभरचे जलरंगवाले याच जोडीतून आपला करडा रंग बनवतात. काळ्या ट्यूबला हात लावत नाहीत.

आणि मग एके दिवशी दिवाळीच्या आधी माळा साफ करताना नीळेची जुनी पुडी सापडली.

आमच्या आजीचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरा, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा थर. असं सपाट धाबं. दिवाळीच्या आधी ती कळीच्या चुन्याचे खडे पिंपात टाकायची, पाणी ओतायची, ते खदखदायला लागायचं आणि आम्हा पोरांना लांब उभं करायची. चुना निवला की त्यात निळेची पुडी फोडायची. भिंती उजळ दिसाव्यात म्हणून. आणि भिंतीच्या पायथ्याशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा. वर नीळ, खाली गेरू.

ती पुडी हातात धरून मी माळ्यावरच बसलो. कपड्यांना आणि चुन्याला घालायची ती भुकटीची नीळ म्हणजे अल्ट्रामरीनच. पूर्वी हा रंग लाजवर्द दगड दळून करत, सोन्याच्या मोलाचा होता; एकोणिसाव्या शतकात तो कारखान्यात करता यायला लागला आणि इतका स्वस्त झाला की आमच्या आजीच्या पिंपात येऊन पडला. आणि सिएना म्हणजे लोखंडाच्या गंजाने रंगलेली माती, इटलीतल्या सिएना गावावरून नाव पडलेली. भाजली की तांबूस होते. आपला गेरू तिचाच भाऊबंद. म्हणजे पुस्तकं ज्या दोन रंगांतून सावली बनवायला सांगतात, ते दोन्ही आजीच्या भिंतीवर वर-खाली लावलेले होते. मी ते बारा ट्यूबांच्या डब्यात शोधत होतो.

नुसतं कळून भागेना, करून बघायचं होतं. गेरूचा खडा फोडून पाण्यात कालवला. वाळू खाली बसली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, ते रात्रभर ठेवलं, तळाशी साय बसावी तसा मऊ थर बसला. तो वाळवला. जलरंगात रंग धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे डिंक, आणि बाभळी आमच्याकडे बांधाबांधाला. डिंक कोमट पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळला, त्यात थोडा मध, कारण मधाशिवाय रंग वाळून तडकतो, आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. मग जाड काचेवर वाटत बसायचं. नीळ दहा मिनिटांत लोण्यासारखी झाली. गेरूने पाऊण तास घेतला आणि तरी बोटाला कचकच लागत होती. पहिली वडी तडकली. दुसरी नीट जमली. बाटलीच्या झाकणांत भरलेल्या त्या दोन वड्या मी सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी ब्रश ओला करून नीळ उचलली, कागदावर सोडली, खालून गेरू सोडला. दोघं मध्ये भेटले. कितीतरी वेळ सर कागद तिरपा-सरळ करत राहिले.

मोजणीच्या माणसाला इमारतींचं एक जड जातं. आम्ही घर वरून बघतो. नकाशात घर म्हणजे चार भुजा आणि क्षेत्रफळ. चित्रात मात्र आधी आपल्या डोळ्यांची उंची ठरवावी लागते; त्या उंचीची आडवी रेघ कागदावर कुठे येते ते ठरलं, की तिच्या वरच्या सगळ्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि सगळ्या त्याच रेघेवर जाऊन मिळतात. आमच्याकडच्या गल्लीत बसून धाब्याची घरं काढली तर हे फार लवकर कळतं, कारण कौलांचा उतार मध्ये येत नाही. सगळ्या कडा सरळ. पण धाब्याची कड पट्टीने ओढली की घर मरतं. ती कधीच सरळ नसते. माती दरसाल थोडी खचते, दरसाल वर नवी टाकतात. डोळ्यांना ती सरळ वाटावी आणि हाताला थोडी थरथरावी.

धाब्यांना आता फार दिवस नाहीत. ज्या गावात पूर्वी गल्लीच्या गल्ली तशी होती, तिथे आता दोन-तीन उरलीत. लोकांना दोष देता येत नाही. दरसाल माती चढवायला माणूस मिळत नाही, पावसात गळतं, विंचू निघतो. तरी जीव तुटतो. इथल्याच मातीचं, इथल्याच लाकडाचं घर उन्हाळ्यात किती गार असतं, हे मी त्यात झोपून पाहिलंय. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस तिथे आले आणि त्यांनी ती नगरी बांबूसारख्या इथेच मिळणाऱ्या साहित्यातून सजवली. एवढ्या मोठ्या चित्रकाराला आमच्याकडचं साहित्य पुरलं.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला गेलो होतो तेव्हाही असंच वाटलं. १९८९ साली ते गेले. कित्येक दशकं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर घरगुती वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा उजेड टाकून त्यांनी छायाचित्रं घेतली. तिथून आल्यावर मी बुटांचा खोका चुन्याने रंगवला आणि अंगणात ठेवला. सकाळी सात, दुपारी चार, संध्याकाळी सहा. त्याच्या सावल्या काढतो. पाऊस नसला तर रोज. सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र म्हैसूरला आहे. पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंग आहे. दिव्याचा तो उजेड जलरंगात आणायला हाताला किती वर्षं लागली असतील, हे खोका काढायला बसल्यापासून रोज मनात येतं.

गेल्या डिसेंबरात बोरीकाठच्या एका गावात पोटहिस्स्याची मोजणी होती. दोघा भावांची शेती. काम झालं, पंचनामा झाला, चहाला त्यांच्या घरी गेलो. घर धाब्याचं, गल्लीच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड. नीळ घातलेला चुना, खाली गेरूचा पट्टा. अगदी आजीच्या घरासारखा. संक्रांतीनंतर पाडणार होते. त्यांच्या आईला मी मावशी म्हणत होतो. तिला विचारलं, रविवारी येऊन तुमच्या घराचं चित्र काढू का? ती म्हणाली, ये की.

रविवारी चारला पोचलो. समोरच्या ओट्यावर बसलो. डिसेंबरची हवा, वॉश निवांत वाळत होता. आकाश, मग भिंतीची उन्हातली बाजू कोरीच सोडली, मग धाब्याची सावली. तिच्यासाठी घरच्या दोन वड्या आणल्या होत्या. वरून नीळ सोडली, खालून गेरू, आणि हात मागे घेतला. शेवटी दार. दार काळोखं होतं, ते दोन्ही रंग दाट कालवून एका फटकाऱ्यात भरलं. चित्र जमलं होतं. इतकं स्वच्छ जमलेलं माझं चित्र त्याआधी नव्हतं.

मावशी मागे येऊन उभी होती. बराच वेळ बघत राहिली.

"दार बंद कसं काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बंद नाही मावशी, आत अंधार आहे म्हणून काळं दिसतं.

"उघडं दाखाड ना रे भाऊ. दिवसमा कोन दार लावस का?"

मी पुन्हा घराकडे बघितलं. डोळे बारीक केले. दारातून आत अंधार होता खरा, पण त्या अंधाराच्या पार मागे, परसाकडच्या दाराची एक उभी फट होती आणि तिच्यात मागचं ऊन उभं होतं. मी ती पाहिलीच नव्हती.

झालेल्या चित्राला हात लावायची भीती वाटते. काही रंग कागदात असे मुरतात की निघत नाहीत. नीळ निघते, ती वर बसलेली असते. बारीक ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून, फडक्याने पिळून, दाराच्या काळोखात उभा फिरवला. टिश्यू टेकवला, उचलला. निळसर ओघळ त्यावर आला. पुन्हा ब्रश, पुन्हा टिश्यू. गेरूने थोडं धरून ठेवलं, तांबूस झाक मागे राहिली. तिसऱ्या खेपेला कागद दिसला. करंगळीच्या नखाएवढी उभी, पांढुरकी फट.

मावशीने बोर्ड माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ आणला. त्या फटीशी, कागदाला न लावता, तिने बोट नेलं.

"आठे मन्ही चूल शे," म्हणाली.